हौसेचे मोल आणि रविवारच्या मोटारीचे गणित

मुंबई, प्रतिनिधी

हौसेला मोल नसते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही म्हण शब्दशः खरी ठरली. स्कोडा कंपनीने ऑक्टाव्हिया आरएस ही वेगवान मोटार भारतात पुन्हा आणली. संपूर्ण देशासाठी केवळ १०० गाड्या आयात होणार होत्या. आरक्षण सुरू झाले ६ ऑक्टोबरला, किंमत जाहीर झाली १७ ऑक्टोबरला. मधल्या काळात सर्व गाड्यांची नोंदणी पूर्ण झाली होती. म्हणजे शंभर ग्राहकांनी मोल न विचारताच हौस केली. ते मोल ४९ लाख ९९ हजार रुपये निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयच्या पहिल्या १५० गाड्यांबाबतही असेच घडले. तिची किंमत सुमारे ५३ लाख रुपये होती.

या दोन्ही मोटारी पाच जणांच्या कुटुंबाला सामावून घेतात. परंतु त्या घेणारा ग्राहक कुटुंबासाठी गाडी शोधत नसतो. त्याच्या दारात रोजच्या वापराची एक गाडी असतेच. ही दुसरी गाडी असते ती रविवारच्या पहाटेसाठी. मुंबई-पुण्यातील डॉक्टर, लहान उद्योजक, माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील चाळिशीचे अधिकारी अशा वर्गात या हौसेची चर्चा वाढली आहे. या चर्चेत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. 'गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे किंमत उतरणार नाही. ही चैन नव्हे, गुंतवणूक आहे.' निर्णयाची खरी गफलत होते ती येथेच.

दुर्मीळ म्हणजे मौल्यवान नव्हे

मोजक्या संख्येतील वेगवान मोटारींना कालांतराने संग्राहकांची मागणी येते, हे युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये अनेकदा दिसले आहे. तेथे त्यासाठी लिलावगृहे आहेत, जुन्या गाड्यांसाठी परस्परसंमत मूल्यावर आधारित विमा आहे, सुटे भाग बनविणारे कारखाने आहेत आणि सीमापार खरेदी-विक्री आहे. भारतात यांपैकी बहुतेक गोष्टी नाहीत, असल्या तर तोकड्या आहेत.

विम्याचेच उदाहरण घ्यावे. प्रचलित तक्त्यानुसार मोटारीचे विमामूल्य पहिल्या वर्षअखेर १५ टक्क्यांनी घटते, तीन वर्षे पुरी होईतो ३० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी. गाडी देशात शंभर आहेत की लाख, याची दखल हा तक्ता घेत नाही. मित्रमंडळींत ४५ लाखांची मानली जाणारी गाडी पाचव्या वर्षी चोरीस गेली वा पुरात बुडाली, तर हाती पडणारी रक्कम २५ लाखांच्या आसपास असू शकते. त्यानंतरच्या वर्षांचे मूल्य विमा कंपनीशी बोलून ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न परिवहन कायद्याचा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' हा दर्जा ५० वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ रूप टिकवून असलेल्या वाहनांनाच मिळतो. २०२५ मध्ये घेतलेल्या मोटारीला तो मिळण्यास २०७५ उजाडेल. त्याआधी पंधराव्या वर्षी आणि पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी व नोंदणीचे नूतनीकरण अटळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील वाहनांचे नूतनीकरण शुल्क वाढविले. साध्या मोटारीसाठी ते १० हजार रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये आहे. म्हणजे मोटार खऱ्या अर्थाने संग्राह्य होऊ लागते, त्याच सुमारास ती बाळगण्याचा खर्चही वाढू लागतो.

तिसरी बाब व्यापार धोरणाची. ही मोटार आज दुर्मीळ आहे, यात कारखान्याइतकाच वाटा सरकारी धोरणाचा आहे. परदेशात तयार झालेल्या मोटारींवर मूल्यानुसार ७० ते ११० टक्के आयातशुल्क असल्याने कंपन्या मोजक्याच गाड्या आणत आल्या. त्यातही २०१८ च्या अधिसूचनेने वर्षाला अडीच हजारांपर्यंत वाहने येथील चाचणी-प्रमाणपत्राशिवाय आणण्याची मुभा दिली, म्हणून हा मार्ग खुला झाला. आता हे चित्र पालटते आहे. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात आणि युरोपीय संघाबरोबर जानेवारी २०२६ मध्ये वाटाघाटी पूर्ण झालेल्या करारात मोटारींवरील शुल्क ठरावीक कोट्याच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. उद्या हीच किंवा हिच्याहून सरस मोटार स्वस्तात येऊ लागली, तर आजच्या दुर्मीळतेचे मोल किती उरेल, याचा विचार गुंतवणुकीची भाषा करणाऱ्याने आधी करायला हवा.

एका रविवारचा खर्च

हौसेचा हिशेब मांडणे अरसिकपणाचे वाटेल; परंतु तो एकदा तरी कागदावर मांडावाच. ५० लाखांच्या मोटारीवर महाराष्ट्रात किमान १३ टक्के, म्हणजे साडेसहा लाख रुपये एकरकमी वाहनकर पडतो. विमा आणि इतर खर्च धरून ही गाडी रस्त्यावर येईतो ६० लाखांच्या घरात जाते.

ती पाच वर्षांनी ३८ लाखांना विकली, असे धरू. घट २२ लाखांची, म्हणजे वर्षाला सुमारे ४ लाख ४० हजार. हेच ६० लाख सात टक्के व्याजाने ठेवले असते, तर वर्षाला ४ लाख २० हजार आले असते. ते बुडाले. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पेट्रोल यांसाठी सरासरी दोन लाख धरले, तर वार्षिक खर्च १० लाख ६० हजारांवर जातो.

आता रविवार मोजू. वर्षातले ५२ पैकी पावसाळ्याचे चार महिने वजा केले की ३५ उरतात. लग्नकार्ये, आजारपणे, मुलांच्या परीक्षा आणि कार्यालयाचे दौरे सोडले, तर ३० पहाटा मिळाल्या तरी भाग्य म्हणायचे. म्हणजे एका पहाटेला सुमारे ३५ हजार रुपये. गाडी पाच वर्षांनी दुकानातल्या मूळ किमतीला विकली गेली, असे मानले तरी हा आकडा २७ हजारांच्या खाली येत नाही. आणि महिन्यातून एकदाच जमले, तर एक पहाट ८८ हजारांना पडते. कर्ज काढून गाडी घेतली, तर हिशेब आणखी बिघडतो.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. परंतु खर्च कमी-अधिक ठरतो तो प्रामुख्याने किती पहाटा मिळतात यावर, हे कोणत्याही आकड्यांनी बदलत नाही. शोरूममध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी गेल्या वर्षीचे कॅलेंडर समोर घेऊन बसावे लागते.

उभ्या गाडीचाही खर्च असतो. महिनाभर न हललेल्या मोटारीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, पावसाळ्यात आसनांवर बुरशी धरते आणि सोसायटीच्या तळघरातील उंदीर वायरी कुरतडतात. मुंबईत दुसऱ्या गाडीला जागा मिळणे हाच एक प्रश्न आहे. पार्किंगच्या पुराव्याविना नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचा मनोदय राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बोलून दाखविला होता, ही गोष्ट खरेदीदाराने विसरू नये.

चालवायची कोठे?

ऑक्टाव्हिया आरएसचे इंजिन २६५ अश्वशक्तीचे आहे. ती ६.४ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते आणि पुढे २५० पर्यंत जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची मर्यादा १०० आहे, घाटात त्याहूनही बरीच कमी. जुलै २०२४ पासून तेथे कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा कार्यरत आहे. अटल सेतूवर १००, मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६० अशी मर्यादा आहे. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे. परंतु सरळसोट रस्त्यावर एका वेगाने तासन् तास जाणे ही या मोटारींची गंमत नव्हे.

थोडक्यात, ज्या क्षमतेसाठी पैसे मोजले जातात, तिचा कायद्याच्या चौकटीत घेता येणारा आनंद साडेसहा सेकंदांत संपतो. त्यापुढचा आनंद दुसऱ्याच्या जिवाशी खेळून मिळवावा लागतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती मोटार अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला आणि देशभर संताप उसळला. मोटारवेड्या मंडळींमधील बहुसंख्य लोक जबाबदारीने गाडी चालवितात, हे खरे असले, तरी सार्वजनिक रस्ता हे हौस फेडण्याचे ठिकाण नाही, हे त्या घटनेने कायमचे अधोरेखित केले. रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे.

उरतो तो बंदिस्त धावपट्टीचा पर्याय. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथील मोठ्या धावपट्ट्या मुंबईपासून रविवारी सकाळी जाऊन दुपारी परतण्याच्या अंतरावर नाहीत. शिवाय साध्या खासगी मोटार विम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते. धावपट्टीवर गाडी आदळली, तर भुर्दंड मालकाच्याच माथी पडतो.

जुन्या गाडीचा मार्ग

हौस खरी असेल, तर ती ६० लाखांशिवायही भागते. ऑक्टाव्हिया आरएस भारतात प्रथम २००४ मध्ये आली, तेव्हा ती येथील पहिली टर्बो पेट्रोल प्रवासी मोटार म्हणून ओळखली गेली. २०२० मध्ये तिच्याच २०० गाड्या ३५ लाख ९९ हजारांना विकल्या गेल्या. १४५ अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुन्टो, तीन दारांची पोलो जीटीआय, पहिली व्हीटेक होंडा सिटी यांचेही निष्ठावान चाहते आहेत. अशा गाडीची मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि अडकणारे भांडवलही कमी असते. दहा लाखांची गाडी धरली, तर बुडीत व्याज वर्षाला सत्तर हजारच होते.

मात्र या मार्गावरही खाचखळगे आहेत. फियाटने भारतातील मोटारनिर्मिती थांबविल्यास आता बराच काळ लोटला आहे. सुटे भाग आणि ते बसविणारा जाणता मेकॅनिक शोधणे हाच एक उद्योग होऊन बसतो. दुसरी अडचण इंधनाची. देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल रूढ झाल्यावर २०२५ मध्ये जुन्या वाहनांच्या मालकांनी तक्रारींचा सूर लावला. जुन्या गाड्यांचे सरासरी मायलेज काही टक्क्यांनी घटू शकते आणि काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले. मोठे नुकसान होत असल्याचा दावा मात्र फेटाळला. महिनोन् महिने टाकीत पेट्रोल साठवून उभ्या राहणाऱ्या जुन्या मोटारीने हा मुद्दा रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. जुनी गाडी घेताना सायलेन्सर किंवा इंजिनात मूळ रचना बदलणारे फेरफार झाले आहेत का, हेही तपासावे. असे फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ते नूतनीकरणाच्या वेळी नडतात.

निर्णयाची कसोटी

तेव्हा घ्यावी की घेऊ नये? याचे उत्तर मोटारीच्या तांत्रिक तक्त्यात सापडणार नाही. तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मात्र मार्ग दाखवू शकतात. पहिला, ही रक्कम पूर्णपणे गेली असे मानले, तरी घरचे शिक्षण, आजारपण आणि निवृत्तीचे नियोजन अबाधित राहते का? दुसरा, गेल्या वर्षी किती पहाटा खरोखर मोकळ्या होत्या? आणि तिसरा, कायद्याने आखलेल्या वेगात, नेरळ किंवा ताम्हिणीच्या वाटेवर मागे शांतपणे चालणाऱ्या एसटीसह, ही गाडी चालविण्यात आनंद वाटेल का?

तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर किंमत चढेल की उतरेल याची चिंता न करता गाडी घ्यावी आणि चालवावी. किंमत राखण्यासाठी किलोमीटर वाचविणारा आणि आच्छादनाखाली गाडी झाकून ठेवणारा मालक हौसही गमावतो आणि व्याजही. चैनीला चैन म्हणण्यात कमीपणा नाही; तिला गुंतवणुकीचे नाव दिले की हिशेब चुकतो. आणि तिसऱ्या प्रश्नाशीच मन अडखळत असेल, तर वर्षातून दोन-तीनदा चेन्नईला जाऊन धावपट्टीवर भाड्याची गाडी पळविणे हे खिशालाही परवडेल आणि रस्त्यावरच्या इतरांनाही.