पेटंटची मोजणी आणि तळ्याची कसोटी

राज्याची प्रतिभा पेटंटच्या संख्येवरून जोखण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. निती आयोगाच्या 2020 च्या नवोन्मेष निर्देशांकात मोठ्या राज्यांमध्ये कर्नाटकाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक लागला. ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. परंतु रायगडमधील डोंगराळ तळा तालुक्याच्या पदरात या यशातून काय पडले, हा प्रश्न उरतोच.

पेटंटचा अर्ज अर्जदाराच्या पत्त्यानुसार त्या-त्या राज्याच्या नावे मोजला जातो. मुंबईतील मुख्यालयाने अर्ज केला, की महाराष्ट्राचा आकडा वाढतो. मग त्या शोधाचा उपयोग कोठे होवो अथवा न होवो. उलट, शेतकऱ्याचे पिढीजात ज्ञान कायद्यानुसार पेटंटयोग्यच नसते. ते योग्यही आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने 1997 मध्ये हळदीवरील अमेरिकी पेटंट रद्द करविले, ते याच तत्त्वावर. मात्र त्यामुळे हे ज्ञान मोजणीबाहेर राहते, याचे भान हवे.

मग खरी मोजपट्टी कोणती? ती 1970 च्या पेटंट कायद्यातच आहे. कलम 146 अन्वये पेटंटधारकाला आपला शोध भारतात प्रत्यक्ष वापरात आहे की नाही, याचे निवेदन द्यावे लागते. शासनाने या निवेदनांचा ताळेबंद जनतेपुढे मांडावा. तळ्याशेजारच्या माणगाव तालुक्यात, लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कोकणातील उन्हाळी पाणीटंचाईवरील किती संशोधन गावापर्यंत पोहोचले, हाही हिशेब मांडला जावा.

तळ्याच्या तरुणाला गावातच उद्योग मिळेल, तेव्हाच त्या आकड्यांना अर्थ येईल.