साखर मोजतात, पाय कोण बघणार?

जयंतीच्या आरोग्य शिबिरात आपल्या वस्तीत बोटाला सुई टोचून साखर मोजतात. पण 'चप्पल काढा, पाय दाखवा' असे क्वचितच कोणी म्हणतो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : साखरेच्या माणसाचा पाय पाहिला नाही, तर तपासणी अर्धीच झाली.

साखर बराच काळ वाढलेली राहिली की पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. थोडे चालले की पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. पाऊल गार पडते, जखम लवकर भरत नाही. आपण म्हणतो, 'वाताचे दुखणे आहे.' नसा बधिर झाल्या तर दुखतही नाही. मग रोवणीच्या वेळी बांधीत रुतलेला काटा बोट काळे पडल्यावरच दिसतो. पाय गेला की घरची मजुरीही गेली.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने अखेरच्या वर्षांत त्यांना चालताना आधार घ्यावा लागे. १९५४ साली त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तेव्हाही मधुमेह त्यांच्या मागे होताच. त्या काळी उपाय थोडे होते. आज ते आहेत.

पहिला उपाय, खर्रा आणि बिडी सोडणे. बिडी वळून चूल पेटणाऱ्या घरांना हे ऐकायला जड जाईल, पण तंबाखू त्याच अरुंद नळ्या आणखी आवळते. पाचवे शील आपण दारूपुरतेच का धरतो? दुसरा उपाय, चालणे. पायाला जखम नसेल तर पोटरी दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे रोज अर्धा तास. तिसरा, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, आणि डॉक्टर देतील त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या न चुकता घेणे. नळी फारच बंद असेल तर फुग्याने उघडतात किंवा बायपास करतात. त्यासाठी नागपूरला जावे लागले तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे.

गरम पाण्यात पाय बुडवणे, विटेचा शेक, ब्लेडने घट्टे कापणे मात्र नको. बधिर पायाला भाजलेले कळत नाही.

आमची मागणी मोठी नाही. पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी बोटाने पाहायला दोन मिनिटे लागतात, यंत्र लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी झाली पाहिजे. शंका आली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पटीपेक्षा कमी आला तर रक्त कमी पोचते आहे. मधुमेहात नळ्या कडक झाल्याने हा आकडा फसवतोही, म्हणून लक्षणे असतील तर डॉपलर तपासणी मागावी.

विहारात वंदनेला जमतो, तेव्हा महिन्यातून एकदा एकमेकांचे तळवे पाहायला काय हरकत आहे? बोट काळे पडले, झोपेतही पाऊल ठणकू लागले किंवा जखमेला वास आला, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.