वायरिंगचा गुंता गाडीत नाही, कागदात आहे

नवरात्रात कोराडीला देवीच्या दर्शनाला आलात तर ई-रिक्षात बसला असाल. त्या रिक्षा बिघडल्या की ज्याच्याकडे येतात, असा माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे. नाव लिहीत नाही. दुरुस्ती करतो, सुटे भागही विकतो. 2023 मध्ये त्यानं हिंमत करून चीनमधून वायरिंग हार्नेस मागवले. हार्नेस म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या वायरींची, कनेक्टर लावून बांधलेली तयार जुडी. आयात-निर्यात कोड काढला, एजंट गाठला, पैसे भरले, माल सोडवला.

मागच्या आठवड्यात त्याचं बिल ऑफ एंट्री सहज चाळलं. माल दाखवला होता 8708 खाली, म्हणजे 'मोटारगाडीचे भाग'.

ऐकायला बरोबर वाटतं. हार्नेस गाडीचाच भाग नाही का? पण कस्टमच्या पुस्तकात हार्नेसची स्वतःची ओळ आहे: 8544 30 00. वाहनं, विमानं, जहाजं यांत वापरायचे वायरिंग संच. आणि गाड्यांच्या विभागाची टीपच सांगते की विजेचं सामान 'गाडीचे भाग' यात धरू नका.

एका आकड्यानं काय फरक पडतो? पाच लाखांचा माल धरा. 15 टक्के कस्टम ड्युटी 75,000. त्यावर समाजकल्याण अधिभार 7,500. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. पण तेव्हा 8544 वर जीएसटी 18 टक्के होता आणि 8708 वर 28. म्हणजे 1,04,850 च्या जागी 1,63,100. सरळ 58,250 रुपये जास्त. मोठा कारखाना हे पैसे क्रेडिटमध्ये वळते करतो. आमचा पोरगा कंपोझिशनमध्ये, त्याला क्रेडिट नाही. गेले ते गेले.

"भाऊ, एजंटनं सांगितलं तिथं सही केली. मले काय मालूम?"

खरं आहे. पण 2011 पासून आयातीत स्व-निर्धारण आहे. कोड कुठला, ड्युटी किती, हे आयातदारानंच सांगायचं. चूक झाली तर जबाबदारी त्याचीच.

आता माझा मुद्दा. चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नाही. तुम्ही कमी भरलं तर खातं साधारणपणे दोन वर्षं मागे जाऊ शकतं. लपवाछपवी केली असं म्हटलं तर पाच. वर 15 टक्के व्याज आणि दंड. तुम्ही जास्त भरलं तर? परताव्यासाठी एक वर्ष. तेही आधी ते बिलच दुरुस्त करून घ्या, मग मागा, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सांगितलं. पोराला चूक कळेपर्यंत वर्ष कधीच उलटून गेलं होतं.

कोणी म्हणेल, अडाणीपणाची किंमत आहे ही. मग मोठ्यांकडे बघा. मार्च 2021 मध्ये वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं रेल्वे सिग्नलचे रिले विजेच्या सामानात न धरता रेल्वेच्या भागांत धरले. त्यावरून वाहनांच्या सुट्या भागांबद्दलही एवढा घोळ झाला की जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय कस्टम मंडळाला अधिकाऱ्यांसाठी वेगळी सूचना काढावी लागली. सप्टेंबर 2024 मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला 1.4 अब्ज डॉलरची नोटीस गेली. प्रश्न तोच: आणलेत ते सुटे भाग, की न जोडलेली अख्खी गाडी? कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. कंपनीकडे वकिलांची फौज आहे. आमच्या पोराकडे पक्कड आणि टेस्टर.

मी ड्युटीच्या विरोधात नाही. फेब्रुवारी 2021 च्या बजेटात ती 15 टक्के केली, ठीक आहे. हार्नेस बांधणं आजही बरंचसं हाताचं काम आहे, इथल्या हातांना ते मिळालं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की जो भरायला तयार आहे, त्याला किती भरायचं ते आधी कळू द्या.

थोडं सुधारलंय, तेही सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्या ऑटो पार्ट्सना, कोड कुठलाही असो, 18 टक्के जीएसटी. म्हणजे हा विशिष्ट खड्डा बुजला. त्याच वर्षी कायद्यात कलम 18अ आलं, माल सुटल्यावरही स्वतःहून चूक दुरुस्त करता येते. माल आणण्याआधी मुंबईच्या अॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडून कोड पक्का करून घेता येतो. कायद्यानं त्यांना तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं.

पण हे सांगतं कोण? आणि कुठल्या भाषेत? नागपूरच्या कस्टम कार्यालयानं आठवड्यातून एक दिवस मराठी-हिंदीत लहान आयातदारांसाठी ठेवावा. जास्त भरलेल्याला परत मागायला तेवढीच मुदत द्या, जेवढी खात्याला वसुलीला आहे. यात सवलत कोणीच मागत नाहीये.

तोवर मित्रांनो, एवढं करा. एजंट पुढे करेल त्या कागदावर सही करण्याआधी आठ आकडी कोड स्वतः वाचा. तुमच्या मालाचं नाव त्या ओळीत आहे का, बघा. सही तुमची आहे, एजंटची नाही.