मोठ्या संगीत महोत्सवात बँड खरंच ऐकायला मिळतो का?

आपल्या नगर जिल्ह्यात 'बँड' म्हटलं की डोळ्यांसमोर आधी लग्नाची वरात येते. लाल कोट घातलेले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले, मागे साईड ड्रम, हातगाडीवर बांधलेला कर्णा. पण गेल्या काही वर्षांत तुमच्या तोंडी हा शब्द वेगळ्या अर्थानं येतो. गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड घेऊन स्वतःची गाणी वाजवणारा चार-पाच जणांचा गट म्हणजे बँड. आणि असा बँड 'लाईव्ह' ऐकायचा तर पुण्याला नाहीतर मुंबईला एखाद्या मोठ्या फेस्टिव्हललाच जायचं, हे जणू ठरून गेलंय. मग महिनोन्महिने पैसे साठवायचे, घरी काहीतरी सांगायचं आणि चौघांनी मिळून तिकिटं काढायची.

हे पैसे कुणाचे असतात ते मला माहीत आहे. पारनेर, श्रीगोंदा, शेवगावहून येणाऱ्या मुलांना काही हजारांचं तिकीट म्हणजे एका सत्राची पुस्तकं आणि वर एसटीचा पास. म्हणून हा प्रश्न मला नुसत्या आवडीनिवडीचा वाटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. बँडशी ओळख करून घ्यायला मोठा महोत्सव चांगला, पण बँड ऐकायला नाही. आणि दोष गर्दीचा नाही. गर्दीत वाढलेली माणसं आपण! दोष आहे अंतराचा आणि वेळेचा.

आधी अंतर. अकरावी सायन्सच्या मुलांनी हे गणित वहीत करून बघावं. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. स्टेजपासून १७० मीटरवर तुम्ही उभे असाल, तर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि तिचा आवाज अर्ध्या सेकंदानं येतो. मोठ्या पडद्यावर गायकाचे ओठ हलतात आणि शब्द मागून येतात. मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मध्ये वेगळे स्पीकर उभे करतात, पण त्यांतला आवाजही मुद्दाम थोडा उशिरा सोडावा लागतो. नाहीतर आधी जवळच्या स्पीकरचा आणि मग स्टेजचा, असा एकच ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणजे आवाज स्वच्छ होतो, पण दिसणं आणि ऐकणं यांच्यातली फट तशीच राहते.

दुसरं असं, की मोकळ्या मैदानात एका जागेवरून निघणारा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं तर पुढच्याच्या कानावर घण घालावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबल. पुढच्या रांगेत जायची हौस असेल तर कानात घालायचे बोळे खिशात ठेवा, हसू नका.

पण मला वाईट वाटतं ते कानांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं. बँड म्हणजे चार माणसांचं एकमेकांकडे असलेलं लक्ष. बेसवाला ड्रमवाल्याकडे बघतो आणि दोघं एकदम थांबतात. गिटारवाल्याची तार उतरते, तो गाणं चालू असतानाच ती वर घेतो आणि बाकीचे तोवर तीच ओळ पुन्हा वाजवतात. रेकॉर्डिंगमध्ये हे नसतं, म्हणून तर प्रत्यक्ष ऐकायला जायचं. १७० मीटरवरून यातलं काय दिसतं? पडद्यावरचा कॅमेरामन दाखवील तेवढं. तो बहुतेक गायकाचा चेहरा दाखवतो.

आता वेळ. महोत्सवात मधल्या फळीतल्या बँडला ४० मिनिटं ते तासभर मिळतात. आधीचा बँड उतरला की थोड्याच मिनिटांत पुढच्यांनी तारा जोडायच्या, प्रत्येक वाद्याचा आवाज येतो आहे एवढं तपासायचं आणि सुरू करायचं. जागेचा अंदाज घेऊन आवाज बसवणं वगैरे जमेल तितकंच. मग बँड काय करतो? ओळखीची सहा-सात गाणी वाजवतो. नवं, संथ, हळूहळू चढणारं काही काढायला तो धजावत नाही, कारण पलीकडच्या स्टेजवर दुसरा बँड सुरू झालेला असतो आणि अर्धे श्रोते तिकडे निघालेले असतात. तुम्हीही निघालेले असता. दोन स्टेजमधली धावपळ, पाण्याची रांग, मित्र हरवला म्हणून फोन, फोनला रेंज नाही. दिवसाच्या शेवटी मोजून बघा, सलग कितीसं ऐकलं.

जगातला सगळ्यात गाजलेला महोत्सव घ्या. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर वुडस्टॉक भरला. सुमारे ४ लाख माणसं होती. आपले पंडित रविशंकर पहिल्या दिवशी पावसात तिथे सतार वाजवत होते आणि पुढे त्यांनी त्या अनुभवाबद्दल नाराजीच व्यक्त केली. जिमी हेंड्रिक्सचं वादन आज इतिहास म्हणून सांगतात, पण कार्यक्रम लांबत लांबत तो सोमवारी सकाळी स्टेजवर आला, तेव्हा बहुतेक लोक घरी निघून गेले होते. 'मी वुडस्टॉकला होतो' असं आयुष्यभर सांगणाऱ्या किती जणांनी हेंड्रिक्स प्रत्यक्ष ऐकला असेल!

इथे कुणीतरी हात वर करणारच. मॅडम, मग सवाई गंधर्वचं काय? बरोबर आहे. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला हा महोत्सवही मोठाच आहे आणि तिथे लोक खरोखर ऐकतात. पण तो कसा भरतो ते बघा. स्टेज एकच. एक कलाकार गात असताना दुसरीकडे पळायला जागाच नाही. श्रोते बैठक मारून बसतात, आणि घाईच्या दिवसातसुद्धा एका रागाला त्याचा वेळ मिळतो. नुकसान त्याचंही झालंय. पूर्वी मैफल रात्रभर चालायची. ध्वनिक्षेपकाला रात्री १० नंतर बंदी आल्यावर उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचं सुख गेलं. (नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत शेजारी डीजे वाजला की मीच पहिली तक्रार करते.)

आणि खरं तर महोत्सव ही गोष्ट आपल्याला पुण्या-मुंबईनं शिकवायची गरज नाही. आपली गावची यात्रा म्हणजे काय? चैत्रात गावोगावी यात्रा भरतात, तमाशाचे फड येतात. कांताबाई सातारकरांसारख्या मोठ्या कलावंतिणीनं ज्या संगमनेरला घर केलं, त्या जिल्ह्याला हे सांगायला नको. यात्रेत गाव एका फडाला सुपारी देतं आणि मग ती रात्र त्या फडाची असते. गण, गौळण, बतावणी, वग. ढोलकीवाल्याला हात गरम करायला वेळ मिळतो. प्रेक्षक नापसंती दाखवतात, फर्माईश करतात, फड त्यांना उत्तर देतो. एका रात्रीत दहा फड आणून प्रत्येकाला पाऊण तास दिला असता तर आपल्या आजोबांनी तो तमाशा बघितलाच नसता.

त्याहून चांगलं उदाहरण दिंडीचं. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी आपल्या नगरवरून पंढरपूरला जाते. हजारो माणसं चालत असतात. तरीही त्यातल्या प्रत्येकाला पखवाज दहा-पंधरा फुटांवरून ऐकू येतो, कारण तो समुदाय दिंड्यांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक दिंडीचा आपला वीणेकरी, आपला पखवाज, आपले टाळकरी. पुढच्या दिंडीचा अभंग मागे ऐकू येतो, थोडी सरमिसळ होते, पण कुणीही संगीतापासून १७० मीटर लांब नसतो. बहुतेक जण तर स्वतःच टाळ वाजवत असतात. म्हणून मघाशी म्हटलं, दोष गर्दीचा नाही. गर्दी मोठी ठेवूनही संगीत जवळ ठेवता येतं, हे आपल्या लोकांनी कधीच करून दाखवलंय.

मग महोत्सव बंद करावेत का? मुळीच नाही. २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर सुरू झाला तेव्हा स्वतःची गाणी करणाऱ्या भारतीय बँडना एवढा मोठा श्रोता एकदम मिळण्याच्या जागा फार थोड्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा आला, तेव्हा परदेशी मोठ्या नावांबरोबर इथले कलाकारही त्याच मैदानात वाजवत होते. दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आला आणि जगभर त्याचं नाव झालं. बँडच्या बाजूनं बघितलं तर महोत्सव म्हणजे मोठी संधी, आणि बऱ्यापैकी मानधन. श्रोत्याच्या बाजूनंही, एका दिवसात पाच अनोळखी बँडची नावं कळतात हा फायदा आहेच. जामखेडच्या मुलीला बेस गिटार म्हणजे काय ते दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. (सनबर्न मात्र यात धरू नका. गोव्यात २००७ मध्ये सुरू झालेला तो महोत्सव मुळात डीजेंचा, तिथे बँड ऐकायला कुणी जात नाही.)

पण 'दुसरीकडे कुठे' हाच खरा प्रश्न आहे. मोठे महोत्सव वाढत असताना छोट्या जागा टिकत नाहीत. मुंबईत लोअर परळला ब्लूफ्रॉग नावाचा क्लब २००७ मध्ये उघडला होता, मुद्दाम बँड ऐकण्यासाठी बांधलेला. २०१६ मध्ये तो बंद झाला. मुंबईची ही गत, तर नगरनं काय करायचं?

माझ्या मते नगरकडे एक गोष्ट आहे जी आपण वाया घालवतो. आपल्याकडे सभागृहं आहेत. सावेडीचं माऊली सभागृह आहे, जिथे एकांकिका बघायला तुम्ही महाकरंडकाला गर्दी करता. प्रत्येक मोठ्या कॉलेजला स्वतःचा हॉल आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनाला डीजे आणि लाईटवर पैसे जातात आणि मुलं रेकॉर्डवरच्या गाण्यांवर नाचतात. त्याच पैशात, किंवा थोड्या जास्तीत, पुण्याहून एखादा नवा बँड बोलावता येईल. अंतर १२० किलोमीटरच्या आसपास, तीन तासांचा रस्ता. ३०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतला मुलगाही ड्रमवाल्याचा चेहरा बघू शकतो. त्यांना दोन तास द्या. अर्ध्या तासानंतर ते सैल होतात आणि मग खरं वाजवायला लागतात. आणि त्यांच्याआधी गावातल्याच ब्रास बँडमधल्या एखाद्या क्लॅरिनेटवाल्याला अर्धा तास खुर्चीवर बसवून ऐका. वरातीत डीजे आल्यापासून त्यांची कामं कमी झालीत. सहा फुटांवरून लाईव्ह वाद्य ऐकायची सोय आपल्या दारात होती, आणि आपण तिच्यासमोर फक्त नागीण डान्स केला.

आता ज्यांचं तिकीट काढून झालंय त्यांच्यासाठी. पैसे बुडवू नका, जा. फक्त आदल्या दिवशी वेळापत्रक बघून तीनच बँड निवडा आणि त्यांचे अल्बम दोनदा ऐकून जा. दुपारच्या छोट्या स्टेजवर जा, तिथे शंभर-दोनशे माणसं असतात आणि पुढे उभं राहता येतं. मुख्य स्टेजवर आवाज नियंत्रित करणारा माणूस मैदानाच्या मध्ये एका तंबूत बसलेला असतो, त्याच्या जवळपास उभे राहा. तो जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज ठरवतो, म्हणून तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं. परतीची एसटी वाकडेवाडीहून किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा. आणि सोमवारी वर्गात आल्यावर मला त्या तीन बँडमधल्या एकाच्या एकाच गाण्याबद्दल दीड पान लिहून द्या, ड्रमवाला काय करत होता ते धरून.