अंग आंबले, पण हजेरी लागली

हा मजकूर आम्ही उभ्याने लिहीत आहोत, फळीवर कागद ठेवून. बसता येत नाही असे नाही. बसल्यावर उठता येत नाही, एवढीच अडचण आहे. रविवारी आमच्या व्यायामवर्गात गुरुजींनी बैठकांचा आकडा तिसावरून एकदम साठावर नेला. सोमवारी आम्ही ऐटीत कचेरीत गेलो. मंगळवारी मात्र मांड्या अशा भरून आल्या, की कचेरीचा जिना कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरावा लागला. शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, पडलात की काय?" आम्ही म्हणालो, "नाही बाबा, व्यायाम केला." तो बराच वेळ हसत होता.

या वर्गाची हकीगत अशी. चाळिशी उलटल्यावर एका तपासणी शिबिरात आमची उपाशीपोटीची साखर १८६ निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आम्ही नांदेडात गोदावरीच्या काठाने एकटेच चालू लागलो. अकरा दिवस चाललो. बाराव्या दिवशी अवकाळी पाऊस आला, तेराव्या दिवशी पाहुणे आले, आणि पाठोपाठ मार्च महिना आला. मार्चमध्ये कारकुनाला स्वतःला पाय आहेत हेच आठवत नाही.

पुढे वस्तीतल्या काही जणांनी मिळून मैदानावर पहाटे साडेपाचचा वर्ग सुरू केला. शिकवणारे गुरुजी निवृत्त क्रीडाशिक्षक. फी नाही. मोंढ्यातले हमाल येतात, रिक्षावाले येतात, दवाखान्यात काम करणाऱ्या मावशी येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरीही येतात. पोरांना सोळाशे मीटर पळायचे असते, पोरींना आठशे. त्यांच्यामागे आम्हीही धापा टाकत दोन फेऱ्या मारतो. २१ जून २०१९ रोजी योगदिनाला मुख्यमंत्री आणि रामदेव बाबा नांदेडला आले होते, तेव्हा केवढी गर्दी लोटली होती. पण एका दिवसाची गर्दी वेगळी आणि रोजची हजेरी वेगळी. आमच्याकडे वहीत एकतीस नावे आहेत.

आमच्या लोकांना हे नवे आहे असेही नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ च्या सुमारास, बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले. त्यात गणवेश होता, रांग होती, कवायत होती. आणि चौदा एप्रिलच्या आधी गल्लीगल्लीत लेझीमचा सराव चालतो, तो व्यायामवर्ग नाही तर काय? दोन दिवस खांदे वर होत नाहीत, तरी तिसऱ्या दिवशी कोणी घरी बसत नाही. त्याही आधीचे सांगायचे तर अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची क्षमता वाढते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि साधलेली एकाग्रता टिकते. आमच्या डॉक्टरांनी यातले तीन सांगितले होते.

एका हमाल बांधवाने पहिल्याच आठवड्यात विचारले, "आम्ही दिवसभर पोती उचलतो, आम्हाला कशाला व्यायाम?" प्रश्न खरा आहे. पोते रोज त्याच खांद्यावर, कंबर रोज त्याच बाजूला वाकलेली, आणि दम लागला तरी थांबायची मुभा नाही. कष्टाच्या कामाने हृदयाला व्यायामाइतका फायदा होतो की नाही, यावर संशोधकांत अजून वाद आहे. गुरुजी त्याच्याकडून जड काही करून घेत नाहीत. पाठ मोकळी करून घेतात, उलट्या बाजूला वळवतात, श्वास घ्यायला लावतात. तो म्हणतो, दिवसातली हीच अर्धी घटका अंग माझं असतं.

आता दुखण्याविषयी. पूर्वी सांगत, की स्नायूंत आम्ल साचते म्हणून अंग आंबते. ते खरे नाही. ते आम्ल तास-दोन तासांत निघून जाते. सवय नसलेल्या कामाने, विशेषतः सावकाश खाली बसताना किंवा उतार उतरताना, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून येताना दुखते. म्हणून दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते आणि चार-पाच दिवसांत निवते. त्या दिवसांत अंथरुण धरू नये, हलके चालावे. मात्र सांधा सुजला, छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे. आणि जबर दुखण्याबरोबर लघवी काळपट तपकिरी झाली तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठावा. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वर्गाला यावे आणि खिशात थोडी साखर ठेवावी. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो; ती एकदम खाली गेली तर माणूस मैदानातच बसतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की आठवड्याला निदान दीडशे मिनिटे हालचाल हवी. एकट्याला ती का जमत नाहीत आणि घोळक्यात का जमतात, हे कोडे आम्हाला होते. २००९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या वल्हे मारणाऱ्या खेळाडूंची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तेवढीच मेहनत त्यांनी एकट्याने केली आणि मग बरोबरीने केली. बरोबरीने केल्यावर दुखणे सोसण्याची त्यांची ताकद जास्त भरली. आमच्या बैठकांचेही तेच. घरी बारावीलाच गुडघे बोलतात. मैदानात सगळे मिळून आकडे ओरडतात तेव्हा तिशी कधी गाठली ते कळत नाही.

असो. खरे सांगायचे ते पुढेच आहे. आम्ही कारकून, शिवाय बी.कॉम., त्यामुळे हजेरीची वही आमच्याकडे आली. दोन महिन्यांची बेरीज मांडली, तर पुरुषांच्या रांगा निळ्या आणि बायकांच्या रांगा तांबड्या. एका आड एक गैरहजर. आमच्या सौं.चे नाव तर पहिल्या आठवड्यानंतर कोरेच. आम्ही काय करावे? दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नियमितपणाच्या महत्त्वावर दहा मिनिटे बोललो. दवाखान्यातल्या मावशींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "भाऊ, तुमच्या घरी नळ किती वाजता येतो, ठाऊक हाय का?"

आम्हाला ठाऊक नव्हते.

या बुधवारी कामासाठी एस.टी.ने लातूरला जावे लागले. लोहा, अहमदपूर, चाकूर. वाटेतला एकेक गतिरोधक आमच्या मांड्यांनी मोजला. मुक्काम बहिणीकडे. तिचा उजवा खांदा २०१६ च्या दुष्काळापासून धरलेला आहे. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो उन्हाळा. घागरी वाहून जो धरला तो धरलाच. आता तिच्या गल्लीतल्या बाया मिळून व्यायाम करतात, पण दुपारी चार वाजता. आम्ही म्हटले, ही कसली वेळ? ती म्हणाली, "दादा, सकाळची धुणीभांडी उरकलेली असतात, संध्याकाळची घरं धरायची असतात. आमच्या मालकीचा तेवढाच एक तास." पदर खोचून पंधरा-वीस बाया हसत हात वर करत होत्या. बहिणीचा हात कानापर्यंत गेला. सहा महिन्यांपूर्वी वेणी घालायला ती लेकीला बोलवायची.

परत येताना गाडीत हिशेब केला. पहाटे साडेपाचची वेळ आम्ही पुरुषांनी ठरवली होती. नांदेडात नळ येतो त्या दिवशी साधारण त्याच वेळी येतो. पाणी, डबे, पोरांची शाळा हे सगळे मागे ठेवून आम्ही आरोग्य कमवायला जात होतो, आणि मागे राहिलेल्यांच्या नावापुढे तांबडी खूण करत होतो. रात्री सौं.ना म्हणालो, उद्या पाणी आम्ही भरतो, कणीकही मळतो. त्या म्हणाल्या, "आधी खाली बसून उठून दाखवा."

आज पहाटे आम्ही पाणी भरले. वाकताना आई आठवली. कणीक सैल झाली, पोळ्यांचे नकाशे झाले. पोरांनी डबे मुकाट्याने भरले, ही त्यांची कृपा. सौ. वर्गाला गेल्या होत्या. वही बरोबर दिली होती. सात वाजता घामेजून, पण हसतच आल्या आणि वही टेबलावर ठेवली. संध्याकाळच्या तुकडीसाठी दहा नावे त्यांनी मागच्या पानावर लिहून आणली होती. पुढचे पान उलटले, तर आजच्या तारखेखाली, आमच्या नावापुढे, तांबड्या शाईने ठसठशीत लिहिले होते: गैरहजर.