मांजराची मोकळीक आणि शेजाऱ्यांचा खर्च

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुणे महानगरपालिकेने कुत्र्यांप्रमाणेच पाळीव मांजरांचीही नोंदणी सक्तीची करण्याचे ठरविले, तेव्हा थट्टेला ऊत येणे साहजिक होते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला प्रश्न. तो आता महापालिकेच्या पदरी आला, असे म्हणण्याचा मोह कोणाला आवरेल? परंतु हसून झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. कुत्रा साखळीला असतो आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा धनी दिसतो. मांजर मात्र सकाळी खिडकीतून बाहेर पडते, दिवसभर कोठे असते ते कोणालाच ठाऊक नसते, आणि संध्याकाळी ते परत येते तेव्हाच ते ‘पाळलेले’ ठरते. मधल्या दहाबारा तासांत त्याचे जे होते आणि त्याच्यामुळे इतरांचे जे होते, त्याची जबाबदारी कोणाची?

ही मोकळीक मांजराला कोणी भूतदयेपोटी दिलेली नव्हती. वर्षाचे धान्य उन्हात वाळवून कणगीत भरावयाचे, माळ्यावर गुळाच्या ढेपी ठेवावयाच्या, अशी घराची रीत होती तेव्हा उंदीर हा कुटुंबाच्या उत्पन्नातला एक वाटेकरीच होता. त्याचा बंदोबस्त करणारे मांजर हे घरातले चाकर होते. बशीभर दूध, चुलीजवळची ऊब आणि चार भिंतींबाहेर हिंडण्याची मुभा हा त्याचा पगार. पोटापुरते अन्न घरातून मिळाले तर ते शिकार करणार नाही, असा समज असल्यामुळे दूधही बेतानेच दिले जाई. भटकणे हा त्या चाकरीचाच भाग होता. किंबहुना न भटकणारे मांजर ठेवून घेण्यात काहीच अर्थ नव्हता.

आज शहरातल्या सदनिकेत पाच किलो तांदळाची पिशवी येते आणि ती संपण्यापूर्वी दुसरी येते. कणगी गेली, माळा गेला, आणि उंदीर गेला नसला तरी तो आता गटारात व कचराकुंडीशी राहतो. मांजर मात्र राहिले, आणि त्याचा दर्जा वाढला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर उत्पादनाचे साधन होते ते उपभोगाची वस्तू झाले. मांजरप्रेमींना ही भाषा रुचणार नाही, पण ते वर्षाकाठी त्याच्या खाण्यावर जी रक्कम खर्च करतात ती याच सदरात मोडते. चमत्कारिक गोष्ट अशी की, चाकरी संपली तरी चाकरीची जुनी अट तशीच चालू आहे. मांजर बाहेर जाते, कारण ते पूर्वीपासून जात आले आहे.

मांजर आपली पिले सात घरे फिरविते, असे म्हणतात. मोठे मांजरही काही कमी घरे फिरत नाही. तळमजल्यावर ते मनी असते, दुसऱ्या मजल्यावर राणी आणि पलीकडच्या इमारतीत आणखी काही. तिन्ही ठिकाणी ते उपाशी असल्याचा बहाणा करते आणि तिन्ही ठिकाणी त्याला खायला मिळते. यात कौतुक वाटण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु त्याला लस कोणी टोचावयाची आणि त्याचे निर्बीजीकरण कोणी करावयाचे, असा प्रश्न आला की तिन्ही घरे एकमेकांकडे पाहतात. सहवासाचे सुख तिघांना मिळते, खर्चाचा धनी मात्र कोणीच नसतो. मांजर पाचसहा महिन्यांचे होण्याच्या आतही गाभण राहू शकते, गर्भाचा काळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, आणि पिले अंगावर पीत असतानाच ते पुन्हा गाभण राहिल्याची उदाहरणे विरळ नाहीत. मग जिन्याखाली चार पिले सापडतात. सोसायटीत कुरबुर सुरू होते, आणि एके रात्री कोणी तरी ती पिशवीत घालून मासळी बाजाराजवळ सोडून येतो. तेथे ती जगतील असे त्याला मनापासून वाटत असते. त्यातली बहुतेक जगत नाहीत, आणि जी जगतात ती वर्षभरात स्वत:च पिले घालू लागतात. रस्त्यावरच्या बेवारस मांजरांची पैदास म्हणजे दुसरेतिसरे काही नसून, घराघरांतील या अर्धवट मालकीची ती शिल्लक आहे.

बाहेर पडणाऱ्या मांजराच्या वाट्याला काय येते, हे पशुवैद्यांच्या दवाखान्यात अर्धा तास बसल्यास कळते. वाहनाखाली मोडलेला पाय, कुत्र्यांनी फाडलेली पाठ, आणि लस न दिल्यामुळे होणारा तो जीवघेणा विषाणूजन्य अतिसार, ज्यात लहान पिले दोनचार दिवसांत दगावतात. पावसाळ्यात ऊब शोधीत ते उभ्या मोटारीच्या इंजिनाशी जाऊन झोपते, आणि सकाळी घाईत किल्ली फिरविणाऱ्याला त्याची कल्पना नसते. उंचावरून पडले तरी मांजर पायांवरच उतरते, ही समजूत तर फारच महागात पडणारी आहे. १९८७ साली न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. हा आकडा पुढे सर्वत्र मोठ्या हौसेने सांगितला गेला. परंतु ही मोजणी दवाखान्यात आणलेल्या मांजरांची होती. पडताक्षणीच मेलेले मांजर दवाखान्यात कोण नेणार? संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवावा असा हा नमुना आहे.

गावाच्या वेशीवर धोका वेगळा आहे. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, जंगल नसलेल्या ऊसशेतीच्या मुलखात राहणारे बिबटे काय खातात याचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात पहिला क्रमांक कुत्र्यांचा आणि त्याखालोखाल पाळीव मांजरांचा निघाला. रात्री मोकळे सोडलेले मांजर हे बिबट्याला घराच्या ओसरीपर्यंत आणणारे आमंत्रणच होय.

आता दुसरी बाजू. मांजर पोटभर जेवलेले असले तरी शिकार करते. भूक आणि शिकार या त्याच्या बाबतीत दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली तेथील संशोधकांनी मांडला. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा होता, ही गोष्ट सांगताना बहुधा गाळली जाते. ते आकडे पुण्यामुंबईला लावणे चुकीचे ठरेल. पण बागेतल्या दयाळाची किंवा शिंप्याची पिले घरट्यातून नाहीशी होतात तेव्हा संशयित कोण, हे त्या बागेच्या मालकाला विचारावे लागत नाही. शेजाऱ्याच्या कुंडीतली माती उकरली जाते, ती कुरबुर निराळीच. त्याहून गंभीर बाब रेबीजची. हा रोग आपल्याकडे मुख्यत: कुत्र्यांमुळे पसरतो हे खरे; तथापि लस न टोचलेले मांजर चावले तरी डॉक्टर धोका पत्करीत नाहीत आणि माणसाला लशीची पूर्ण मालिका घ्यावी लागते. ती सरकारी रुग्णालयात घेतली जाते तेव्हा तिचा खर्च करदाता सोसतो. मांजराला वेळीच दिलेली एक लस यापेक्षा किती तरी स्वस्त पडते, पण तिचे पैसे दुसऱ्या खिशातून जातात, एवढाच काय तो फरक.

परदेशांत यावर कठोर उपाय योजले गेले आहेत. जर्मनीतील वाल्डॉर्फ या लहानशा शहरात तुरेवाल्या चंडोलाच्या पिलांचे रक्षण व्हावे म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात मांजरांना घरात कोंडून ठेवण्याचा हुकूम निघाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजराला मालकाच्या आवाराबाहेर मोकळे सोडता येत नाही. असे हुकूम आपल्याकडे जसेच्या तसे आणण्याची कल्पना मात्र भाबडी आहे. तिकडे दारेखिडक्या बंद असतात आणि मांजराला एकच मालक असतो. इकडे चाळीचे दार दिवसभर सताड उघडे असते आणि मांजराला एक तर तीन मालक असतात किंवा एकही नसतो.

मांजराला घरात ठेवणे ही क्रूरता आहे, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. रिकाम्या खोलीत दिवसभर एकटे कोंडलेले मांजर खरोखरच कष्टी होते. पण उपाय अगदीच अवघड नाहीत. इंग्लंडमध्ये ३५५ मांजरांवर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मांसाचे प्रमाण अधिक असलेले खाणे दिले, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. ज्यांच्याशी रोज केवळ पाचदहा मिनिटे खेळण्यात आले, त्यांची २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र काहीही परिणाम दिसला नाही. ती बांधण्याचा विचार उंदरांनी सोडून दिला, त्यात त्यांचे फारसे नुकसान झाले नाही, असे दिसते! जाळी लावलेली खिडकी, उंच बसायला एक फळी आणि संध्याकाळी दोरीचा खेळ, एवढ्यावर पुष्कळ मांजरे रमतात. लहानपणापासून घरात वाढलेले मांजर बाहेरच्या जगाचा हट्ट सहसा धरीत नाही. वर्षानुवर्षे हिंडलेल्या बोक्याला एकाएकी कोंडणे शहाणपणाचे नव्हे; त्याच्या बाबतीत निर्बीजीकरण, लस आणि रात्री घरात, एवढे झाले तरी खूप.

म्हणूनच नोंदणीचा प्रश्न शुल्काचा नाही. केवळ पावती फाडणारा परवाना म्हणजे आणखी एक कर, आणि तो चुकविण्याइतके सोपे दुसरे काही नाही, कारण मांजर आपले आहे हे कबूल करण्याची कोणावर सक्ती करता येत नाही. निर्बीजीकरण व लसीकरणाचा दाखला आणणाऱ्याला नोंदणी मोफत, आणि ज्याला तो खर्च झेपत नाही त्याच्यासाठी पालिकेच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय, असे उलटे गणित मांडले तर लोक आपणहून पुढे येण्याचा संभव अधिक. अर्जात ‘मालकाचे नाव’ या रकान्यात एकाऐवजी तीन ओळी ठेवाव्यात. तिन्ही घरांनी आपापली नावे लिहावीत आणि खर्च वाटून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस मांजर कोणाकडे राहील, एवढे मात्र आधी ठरवून घ्यावे लागेल.