शब्दांचें माहेर : हौद आणि उच्छ्वास

एका वाचकभगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, माधव जूलियन यांच्या कवितेंत फार्शी शब्द पुष्कळ येतात. ते मुलांना शिकवावे कीं टाळावे? प्रश्न मार्मिक आहे. कारण तो खुद्द कवीलाही पडला होता. माधव त्र्यंबक पटवर्धन हे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत फार्शी शिकवीत. १९२५ सालीं त्यांनीं 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, १९३३ सालीं 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. आणि १९३८ सालीं तेच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकी शब्द दूर सारण्याचा आग्रह धरूं लागले.

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आपण क्षणभर कात्रजला जाऊं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं तेथें तलाव बांधविला, आणि त्याचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानें पुण्यांत आणिलें. नळांत हवा खेळावी म्हणून वाटेंत उच्छ्वास ठेविले. पाणी भरावयास पेठांतून हौद बांधिले. यांपैकीं 'उच्छ्वास' अस्सल संस्कृत : 'उद्' उपसर्ग, 'श्वस्' धातु. बाणभट्टाच्या हर्षचरिताचे आठ भागही 'उच्छ्वास'च म्हणविले जातात. 'हौद' मात्र मूळचा अरबी. फार्शीच्या वाटेनें तो मराठींत आला. एकाच नळावर दोघे गुण्यागोविंदानें नांदले, आणि पुणेकरांच्या घागरी भरल्या.

कवीच्या शब्दांचेंही असेंच आहे. 'गज्जलांजलि' या नांवांतच अरबी गज्जल संस्कृत अंजलींत येऊन बसली आहे! उलट 'द्राक्षकन्या' हें त्यांच्या १९३१ च्या पुस्तकाचें नांव दिसण्यांत शुद्ध संस्कृत. पण कल्पना फार्शी. मदिरेला द्राक्षवेलीची मुलगी म्हणण्याची रीत इराणी कवींची. तेव्हां नुसत्या वेषावरून शब्दाचें कुळ ठरवूं गेल्यास फसगत होते.

आमचें मत असें. ज्या परक्या शब्दाचें काम घरांतला शब्द सहज करितो, तो खुशाल टाळावा; कवीचा उत्तरकालीन आग्रह तेवढ्यापुरता योग्यच होता. परंतु मुलाच्या निबंधांतील 'हौद' खोडून तेथें 'जलकुंड' लिहिणें, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घर सांभाळणाऱ्या सुनेस 'तूं कुठली?' असें विचारणें होय. मुलांना शब्द अर्थासह शिकवावा, आणि त्याचें माहेरही सांगावें. माहेर ठाऊक झाल्यानें सुनेचा मान वाढतो, उणा होत नाहीं.